कॅमेरा बंगल्याकडे, पाठ बंदराकडे

'अलिबाग से आया है क्या?' हिंदी सिनेमानं हा डायलॉग इतका चघळला की २०१९मध्ये एका अलिबागकरानं थेट मुंबई उच्च न्यायालय गाठलं. सेन्सॉर बोर्डानं सिनेमांतून हे वाक्य बंद करावं, अशी त्याची मागणी. न्यायालयानं याचिका फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर होता. निकाल मला पटला. वाक्याला कात्री लावून कुणाची अब्रू वाढत नाही. (ज्या गावाला बावळट ठरवलं, तिथं १९०४पासून भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार म्हटल्यावर कुलाब्यातली नाजूक यंत्रं चुकीची मापं देतील, म्हणून ती तिकडे हलवली. असो.) माझी तक्रार वेगळीच आहे. या डायलॉगपलीकडे हिंदी सिनेमाला अलिबाग दिसलं तरी कधी?

दिसतो तो वीकेंड. आपण ठाणे-डोंबिवलीकर शनिवारी पहाटे गाडी काढतो आणि वडखळला अडकतो. फारच हौस असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत गाडी चढवतो. मग किनारा, पॅरासेलिंग, सुरमईची थाळी, सूर्यास्ताची रील, आणि रविवारी रात्री परत. सिनेमा याहून वेगळं काही करत नाही, फक्त त्याचा बंगला मोठा असतो. 'गहराइयां'मध्ये (२०२२) तर ते सुंदर अलिबागचं घर गोव्यातल्या एका हॉटेलात चित्रित झालं. पडद्यावर फरक कळत नाही, कारण बंगला, पाणी आणि ढळतं ऊन एवढंच हवं असेल तर कुठलाही किनारा चालतो.

बंदराचं तसं नाही. तिथं गाव बदललं की जाळं बदलतं, बोलीही बदलते. डोल जाळं लावायचं तर पाण्याची ओढ बघावी लागते. उधाणाला कामाची धांदल, भांगाला हात मोकळे. जवळा कुठं वाळत घालायचा, बोंबील कसे टांगायचे, जूनच्या सुरुवातीला मासेमारीची बंदी लागली की दोन महिने घर कसं चालवायचं, यातल्या प्रत्येक गोष्टीत एकेक पटकथा आहे. पण आपल्या पडद्यावर कोळी येतो तो बहुतेक नाचायला. टोपी, रुमाल, वल्ह्याचा अभिनय. गॅदरिंगमधला कोळीडान्स आणि सिनेमातला कोळी यांत फरक असतो तो फक्त बजेटचा.

इंग्लंडचा किनाराही असाच, निम्मा मासळीचा आणि निम्मा सहलीचा. तिथल्या सिनेमानं मात्र दोन्ही अर्धे बघितले. जॉन ग्रिअर्सननं १९२९मध्ये 'ड्रिफ्टर्स' हा मूकपट केला, विषय उत्तर समुद्रातली हेरिंगची मासेमारी. लंडनच्या फिल्म सोसायटीत तो 'बॅटलशिप पोटेमकिन'च्या जोडीनं दाखवला गेला आणि तिथल्या माहितीपटांची परंपरा त्याच्यापासून मोजतात. १९५३मध्ये लिंडसे अँडरसननं कॅमेरा उलट बाजूला नेला. 'ओ ड्रीमलँड'मध्ये मार्गेटच्या करमणूक बागेतली गर्दी आहे आणि निवेदनाचा एक शब्द नाही. जरा कुत्सितच आहे तो, पण नजर आहे.

या दोन्ही बाजू एकमेकींच्या अंगावर येतात त्या मार्क जेंकिनच्या 'बेट'मध्ये (२०१९, या इंग्रजी नावाचा अर्थ आमिष). कॉर्नवॉलमधला मार्टिन कोळी आहे, पण त्याच्याकडे बोट नाही. वडिलांची बोट भाऊ पर्यटकांना फिरवायला वापरतो. राहतं घर लंडनच्या एका कुटुंबानं विकत घेतलंय, आणि समुद्रकाठचं वाटावं म्हणून त्यांनी आत दोरखंड लटकवलेत. जेंकिननं हे सोळा एमएमवर टिपलं, फिल्म स्वतः हातानं धुतली, आवाज सगळा नंतर भरला. चित्र ओरखड्यांचं, माणसं रागावलेली. बघताना मला सारखं अलिबागजवळचं वरसोली-नागाव आठवत होतं. अशी गोष्ट आपल्याकडे कुणी मराठीत का केली नाही?

माहितीपटात मात्र कुणीतरी हे केलंय. सर्वनिक कौर यांच्या 'अगेन्स्ट द टाइड'ला २०२३मध्ये सनडान्सला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. मुंबईतले दोन कोळी मित्र. एक वडिलांच्या बोटीतून किनाऱ्यालगत जुन्या पद्धतीनं मासे धरणारा, दुसरा स्कॉटलंडमध्ये शिकून आलेला, खोल समुद्रात एलईडीच्या उजेडानं मासे धरण्याच्या मोहात सापडलेला. दोघांचंही म्हणणं पटतं, हीच त्याची ताकद. ठाणे स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर चेंदणी कोळीवाडा आहे. तिथल्या चौकात पडदा लावून हा माहितीपट दाखवावा, असं एखाद्या मंडळाला वाटायला हरकत नाही. वर्गणी मी देईन.

तोवर मी फोनवरचे व्हिडिओ बघतो. किनाऱ्यावरची कोळी पोरं आता स्वतःच बोटीवर कॅमेरा नेतात. जाळं वर येताना खलाशांची जी भाषा चालते ती कुठल्याही संवादलेखकाला जमणार नाही. दोनच खोडी मोडायला हव्यात. इंजिनाच्या आवाजावर डीजे चढवू नये. आणि मासळी धक्क्याला लागली की व्हिडिओ संपवू नये. खरं नाट्य तिथून पुढे आहे: लिलाव, मग डिझेल, बर्फ आणि खलाशांचा वाटा वजा करून नाखव्याच्या हातात काय उरतं ते. पुढच्या वेळी पोरांनो, तो हिशेबही कॅमेऱ्यासमोरच करा, लांबला तरी चालेल.