आज्याला शाळा नव्हती, नातवाला दाखला नाहीं

पोराला कॉलेजांत घालावयाचें म्हणून आमचा वडार, कैकाडी, कुंभार बंधु तहसिलींत जातो, तों पहिला सवाल येतो: जुना पुरावा आणा. अनुसूचित जातींस 10 ऑगस्ट 1950 पूर्वींचा, जमातींस 6 सप्टेंबर 1950 पूर्वींचा, विमुक्त-भटक्यांस 21 नोव्हेंबर 1961 पूर्वींचा, इतर मागासांस 13 ऑक्टोबर 1967 पूर्वींचा. पुरावा म्हणजे बहुधा बापाच्या किंवा आज्याच्या शाळेचा उतारा.

आम्ही गांवच्या शाळेंतलीं रजिस्टरें हाताळणारे. म्हणून विचारतों, ज्या काळचा उतारा मागतां, त्या काळीं या लोकांस शाळा कोठें होती? छत्रपती संभाजीनगर जिल्हा 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत. दप्तर उर्दूंत, 1918 सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें, तेंही उर्दूचेंच. गाढवावर बिऱ्हाड घालून दगड फोडीत फिरणाऱ्या बापाच्या पोराचें नांव कोणत्या मास्तरानें लिहावें? इंग्रजी मुलखांतही निराळें नव्हतें. सारा रयत भरते आणि विद्या वरच्यांस मिळते, हें जोतीराव फुल्यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनास सांगितलें होतें. म्हणजे जो जास्त मागें पडला, त्याच्याच घरीं कागद कमी. आणि सवलत तर मागें पडलेल्यांसाठींच!

सन 2000 च्या जात-प्रमाणपत्राच्या कायद्यानें शाबितीचा भार अर्जदारावर टाकला आहे. खोट्या दाखल्यांनीं खऱ्याची जागा लाटणारे आहेत, हें आम्हांस ठाऊक आहे. चौकशी खुशाल व्हावी. पण कागद सरकारच्या कोठारांत, आणि तो शोधावा मजुरी बुडवून खेटे घालणाऱ्यानें, हा कोठला न्याय?

सरकारच्या मनांत आलें म्हणजे कागद सांपडतात. 2023 सालीं मराठवाड्यांतील कुणबी नोंदींसाठीं न्या. संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हां उर्दू-मोडीचीं दप्तरें उघडलीं, तीं वाचणारे बसविले. बरें झालें. त्याच दप्तरांत सुतार, लोहार, मांग, वडार यांच्याही ओळी असतील. त्या कोणी वाचावयाच्या? आमची मागणी सरळ आहे: सर्व जातींच्या नोंदी काढून गांववार याद्या चावडीवर लावा. जेथें कागदच नाहीं, तेथें तलाठ्यानें वस्तीवर जाऊन जाणत्यांच्या साक्षी घ्याव्या.

तोंवर बंधूंनो, रिकाम्या हातानें परतूं नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. चुलत्याला किंवा भावाला वैधता मिळाली असेल तर तिची नक्कल जोडा. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानें दाखल्यास मुदत घातलेली आहे. नाकारला तर कारण लेखी मागा आणि अपील करा. कामाचा दिवस मोडून सारेच एकटे जाऊं नका; वस्तींतील चारपांच अर्ज घेऊन एकानें जावें.