मृगाआधी तपासायचा एक सांधा

रोहिणी लागली की आपल्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात घरोघरी लगबग सुरू होते. कवेलू फेरले जातात, गच्चीची पन्हाळी साफ होते, संत्र्याच्या बागेत पाण्याला वाट करून दिली जाते. गच्चीवरच्या डिशच्या तारेकडे मात्र कुणी ढुंकून पाहत नाही. पहिला पाऊस येतो, टीव्हीचा पडदा निळा होतो आणि आपण ढगांना दोष देतो. ढगांचा दोष असतोही, जोराच्या सरीत डिशचा सिग्नल खरोखरच कमी होतो. पण आभाळ मोकळे होऊनही चित्र येत नसेल, तर डिशच्या मागे जी बोटाच्या पेराएवढी धातूची पिन फिरवून बसवलेली असते, ती उघडून बघा. आतली तांब्याची तार काळी-हिरवी झालेली दिसेल. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, त्यातलाच हा प्रकार.

टीव्ही गेला तर एखादी मालिका हुकते, फार काही बिघडत नाही. पण हीच तार आणि असाच सांधा ज्यांच्या छंदाचा प्राण आहे, अशी काही मंडळी आपल्या भागातही आता दिसू लागली आहेत. त्यांना हॅम म्हणतात, म्हणजे हौशी रेडिओवाले. केंद्रीय दूरसंचार खात्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन ते परवाना घेतात, त्यांना व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारे स्वतःचे नाव मिळते आणि मग मोबाइल कंपनीचा मनोरा, इंटरनेट, सिमकार्ड यातले काहीही मध्ये न घेता ते एकमेकांशी बोलतात. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकातून आपल्या शाळकरी मुलांशी बोलले, ते याच हॅम रेडिओवरून.

हा केवळ खेळ नाही. २६ जानेवारी २००१ रोजी भूजला भूकंप झाला आणि टेलिफोन बंद पडले, तेव्हा निरोप पोचवायला हे लोक आपापले संच घेऊन गेले होते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद या हॅम आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरलाच होत्या. अंदमानात अडकलेल्यांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातलगांना त्यांच्या रेडिओवरून कळली. आपल्यापासून हे सगळे लांब आहे असे समजू नये. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप ज्यांना आठवतो त्यांना हेही आठवत असेल, की तेव्हाच्या आपल्या छिंदवाडा जिल्ह्यालाही त्याची झळ लागली होती.

आमच्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या, सौंसरकडच्या एका मुलाने असा परवाना काढला. वडिलांची संत्र्याची बाग, घरावर जुन्या टीव्ही अँटेनाचा लोखंडी पाइप उभाच होता. त्याने त्यावर १४५ मेगाहर्ट्झचा अँटेना चढवला आणि दोन्ही टोकांना कनेक्टर लावलेली तयार तार एका दुकानातून मागवली. नागपूरकडची माणसे त्याला स्वच्छ ऐकू येत, पण त्याचे कुणाला ऐकू जाईना. महिनाभर पोराने संच बदलण्याचा विचार केला, अँटेना चारदा खाली-वर केला. शेवटी कनेक्टर कापला, तर आत मधल्या तारेला डाखच लावलेला नव्हता. तार नुसती पिनेत खुपसून ठेवली होती. ऐकण्यापुरता सिग्नल कसाबसा येई, बोलताना ताकद तिथेच अडून मागे फिरे. संचाचे पैसे हजारांत, सांधा शंभर रुपयांचा, आणि महिना गेला तो त्या सांध्यापायी. पांढुर्ण्याचा आणखी एक जण हाच छंद धरायच्या बेतात आहे. म्हणून जाणकारांकडून समजून घेतलेले आणि हातांनी करून पाहिलेले येथे मांडतो. मी कलाशाखेचा माणूस, तेव्हा सूत्रे कुणी विचारू नयेत.

ही तार म्हणजे कोॲक्सिअल केबल. मध्ये तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरे आवरण, त्यावर तारांची विणलेली जाळी आणि वर काळी साल. सिग्नल मधली तार आणि जाळी यांच्या दरम्यान चालतो, त्यामुळे त्या दोघींमधले अंतर सगळीकडे सारखे राहावे लागते. तार संपते तिथेही हे नाते मोडू नये म्हणून कनेक्टर असतो. टीव्हीची तार ७५ ओहमची, हॅमची ५० ओहमची. डिशवाल्याकडची उरलेली तार फुकट मिळते म्हणून ती रेडिओला जोडण्याचा मोह अनेकांना होतो, आणि जाणकार हिशेब करून ती वापरतातही. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

हॅमच्या संचामागे बहुधा जे तोंड असते त्यात पीएल-२५९ नावाचा कनेक्टर बसतो. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ॲम्फेनॉल कंपनीत क्वाकेनबुश नावाच्या गृहस्थांनी तो घडवला. त्याला यूएचएफ कनेक्टर म्हणतात आणि या नावाने बरेच जण फसतात. त्या काळी ३० मेगाहर्ट्झच्या वरचे सारेच ‘अतिउच्च’ वाटत असे. आज ज्याला यूएचएफ म्हणतात ते ३०० पासून पुढे, आणि तिथे हा गडी कमी पडतो. ७ किंवा १४ मेगाहर्ट्झवर तो उत्तम, १४५ वरही चालतो. त्याने सगळी ताकद खाल्ली असे जे सांगतात ते अतिशयोक्ती करतात. ४३५ मेगाहर्ट्झवर काम करायचे असेल किंवा कनेक्टर पाइपाच्या टोकाला उघड्यावर राहणार असेल, तर एन कनेक्टर घ्यावा. बेल लॅबच्या पॉल नील यांच्या आडनावाचे ते आद्याक्षर. त्याच्या आत रबराची चकती असते, ती पाणी अडवते. पीएल-२५९ मध्ये तसे काही नसते. सीसीटीव्हीवाल्यांकडे दिसणारा, पाव वेढा देऊन अडकणारा बीएनसी हा नील आणि काँसेलमन या दोघांच्या नावाचा. ब्रिटिश नौदलाशी त्याचे नाते लोक उगाच जोडतात.

सौंसर-पांढुर्ण्याच्या बाजारात बीएनसी सहज मिळतो, म्हणून एक इशारा. तो बहुधा कॅमेऱ्याच्या आरजी-५९ तारेच्या मापाचा असतो. ती तार सुमारे ६ मिलिमीटर जाडीची, हॅमची बारीक आरजी-५८ पाच मिलिमीटरची. बसते असे वाटते, पण पकड येत नाही आणि दोन महिन्यांत ओढाताणीने सुटते. पीएल-२५९ चेही तसेच. तो मुळात बोटाएवढ्या जाड तारेसाठी आहे, त्यात आरजी-५८ घालायची तर यूजी-१७५ नावाची पितळी नळी वेगळी मागून घ्यावी लागते. दुकानदार स्वतःहून देत नाही. हातातल्या छोट्या संचांची गंमत निराळीच. त्यांचा एसएमए कनेक्टर काही कंपन्यांच्या संचात पिनेचा असतो, काहींच्या संचात भोकाचा. वायफायच्या अँटेनाचा कनेक्टर हुबेहूब तसाच दिसतो, पण त्यातली पिन उलटी. ऑर्डर देण्यापूर्वी संच डोळ्यांसमोर धरावा.

आता चांगला कसा ओळखायचा. पिशवीवरच्या नावावर फार जाऊ नये, नावे छापणे सोपे असते. आधी चुंबक लावा. अंग पितळेचे हवे, चुंबक घट्ट चिकटला तर ते लोखंड आहे, ते गंजणार. मग मुलामा बघा. चकचकीत निकेलचा कनेक्टर दिसतो देखणा, पण निकेलवर डाख धरत नाही. थेंब पाण्यासारखा पसरण्याऐवजी अळवाच्या पानावर राहतो तसा गोळा होऊन राहतो. किमान मधली पिन तरी चांदीच्या मुलाम्याची असावी. चांदी काळी पडली तरी बिघडत नाही. शेवटी मधले आवरण. टेफ्लॉन पांढरे, बोटाला मेणचट लागणारे, आणि सव्वातीनशे अंश तापमानापर्यंत वितळत नाही. साधे पांढरे प्लॅस्टिकही टेफ्लॉन म्हणून विकले जाते. एखादा नमुना विकत घेऊन त्याला तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक लावावे. प्लॅस्टिक लगेच मऊ पडते आणि मधली पिन मान टाकते, टेफ्लॉन ढिम्म राहते. जुना तपकिरी बेकेलाइटचा कनेक्टर मिळाला तर तो टाकाऊ समजू नये, घरातल्या जोडणीला तो प्रामाणिक असतो. ही परीक्षा उतरणारा कनेक्टर साध्यापेक्षा काही पट महाग पडतो. माझ्या मते येथे पैसे वाचवू नयेत. वाचवायचेच तर संचाच्या रंगीत पडद्यावर वाचवावेत.

तारेचे मापही या हिशेबात धरावे लागते, कारण आपला मुलूख खोलगट. जामकाठचा पांढुर्णा आणि कन्हानखोऱ्यातला सौंसर दोन्ही सातपुड्याच्या पायथ्याशी, उत्तरेला घाट. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी बव्हंशी नजरेच्या रेषेत चालतात, म्हणून अँटेना उंच हवा, म्हणून तार लांब होते. आरजी-५८ तीस मीटर टाकली तर ५ वॅटपैकी जेमतेम सव्वा वॅट वर पोचतो. जाड आरजी-२१३ टाकली तर सुमारे पावणेतीन. पातळ तारेला चांदीचा कनेक्टर लावणे म्हणजे फाटक्या पोत्याला जरीची दोरी.

डाख लावायला मोठे, निदान शंभर वॅटचे सोल्डरिंग आयर्न लागते. लहान आयर्नने जाळी तापेपर्यंत आतले आवरण शिजून जाते. तार चढवण्यापूर्वी कनेक्टरची फिरती टोपी आधी तारेत ओवून ठेवावी. झाले की मल्टिमीटर घ्यावा. मधली पिन ते मधली पिन शून्य ओहम, पिन ते बाहेरचे अंग काहीच नाही. हे बघताना तार हलवत राहावे, काटा थरथरला तर सांधा कच्चा. मग पलीकडच्या टोकाला अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड लावून एस.डब्ल्यू.आर. मीटरवर पाहावे. अँटेना बाजूला काढल्यामुळे आता जो दोष दिसेल तो तारेचा किंवा कनेक्टरचाच. हे सगळे जमिनीवर करायचे. पाइपावर चढून, भर उन्हात, एका हाताने शिडी धरून कुणाचाही सांधा चांगला झालेला मी पाहिला नाही.

राहिला पाऊस. कनेक्टरच्या फटीतून शिरलेले पाणी तिथेच थांबत नाही, कंदिलाच्या वातीने तेल ओढावे तसे विणलेली जाळी ते आत ओढत नेते आणि मीटरच्या मीटर तार आतून काळी पडते. म्हणून सांध्यावर आधी आपोआप एकजीव होणारी रबराची पट्टी ताणून गुंडाळावी आणि तिला उन्हापासून वाचवायला वर साधी काळी पीव्हीसी टेप, खालून वर, कवेलू रचतो तशी एकावर एक. आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन नुसत्या टेपचा डिंक वितळवून टाकते. न्हाणीघराच्या फरशीला लावतात ते सिलिकॉन वापरायचे असेल तर आधी हुंगावे. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर त्यातले आम्ल तांब्याला खाते. आणि तार घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल, भिंतीतून आत येणार नाही.

सामान कुठे मिळेल, हे मला दोघांनी विचारले. आपल्याला नागपूर जवळचे, सीताबर्डीत चौकशी करावी. मुंबईला जाणे झालेच तर लॅमिंग्टन रोडवर हवे ते मिळते. घेताना दोन जास्तीचे घ्यावेत, गरज नेमकी रविवारी रात्री पडते. आणि पोळ्यापर्यंतच्या दिवसांत घाटाकडून गडगडाट ऐकू आला, की तार संचापासून उघडून खिडकीबाहेर सोडून द्यावी. वीज अगदी जवळ येण्याची वाट बघू नये, त्या वेळी कनेक्टरला हात लावण्यातही धोका असतो. पीएल-२५९ ची टोपी उघडायला सहा-सात वेढे लागतात, तेव्हा ती पकडीने आवळून ठेवलेली नसावी. बोटांनी घट्ट आणि वर थोडेसे, इतके पुरते.