एकाला दिलेला शब्द

पेढीवर बसणारा प्रत्येक जण एक गोष्ट लवकर शिकतो. एका गिऱ्हाइकाला दिलेली सवलत आज ना उद्या दुसऱ्याच्या कानी जातेच. आणि मग तोही तीच मागतो. राष्ट्राराष्ट्रांतील गुंतवणूक करारांत या रीतीला कलमाचे रूप असते. ‘सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र’ असे त्याचे नाव. इतर देशाच्या गुंतवणूकदाराला जी अधिक चांगली वागणूक देऊ, ती तुमच्याही गुंतवणूकदाराला देऊ, हे त्यातील वचन.

या वचनाची किंमत भारताला २०११ साली मोजावी लागली. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने १९८९ मध्ये कोल इंडियाशी पिपरवार येथील कोळसा खाणीच्या उभारणीचा करार केला. पुढे देण्याघेण्यावरून वाद झाला. २००२ मध्ये लवादाचा निर्णय कंपनीच्या बाजूने लागला. मात्र पैसे हाती आले नाहीत. निर्णय रद्द करावा म्हणून कोल इंडिया न्यायालयात गेली, तो अमलात यावा म्हणून कंपनीही गेली. आणि सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून अपील पडून राहिले.

अखेर कंपनीने भारत सरकारविरुद्धच आंतरराष्ट्रीय लवादाकडे दाद मागितली. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात विलंबाबद्दल थेट कलम नव्हते. परंतु कुवेतशी केलेल्या करारात भारताने हक्क बजावण्याची ‘परिणामकारक साधने’ देण्याचे मान्य केले होते. पसंतीच्या कलमाचा हात धरून ते वचन ऑस्ट्रेलियन कंपनीपर्यंत पोहोचले. न्याय नाकारला गेला, असे लवादाने म्हटले नाही. तो वेळेत मिळाला नाही, एवढेच म्हटले. सुमारे ४१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि त्यावरील व्याज भारताच्या माथी आले.

या अनुभवानंतर २०१५ च्या आदर्श मसुद्यातून भारताने ते कलम वगळले. परदेशी गुंतवणूकदाराने आधी पाच वर्षे स्थानिक न्यायालयांत दाद मागावी, अशी अटही घातली. मात्र वाटाघाटीच्या मेजावर समोरचाही व्यापारीच असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीशी करार झाला, तेव्हा ही मुदत तीन वर्षांवर आली.

हा करार दोन्ही बाजूंना बांधतो. अमिरातीतून भारतात पैसा गुंतवणाऱ्याला जी मुदत, तीच दुबईत भांडवल घालणाऱ्या आपल्या बांधवाला. म्हणून तो केवळ सरकारी कागद नव्हे. परदेशी भांडवल घालण्यापूर्वी त्या देशाशी भारताचा करार आहे का, त्यात कोणती गुंतवणूक येते, दाद कोठे व किती काळाने मागता येते, हे सल्लागाराकडून समजून घ्यावे. संबंध गोड असतानाच हे विचारणे शोभते; वाद पेटल्यावर कलम बदलत नाही.

आणखी एक बोध उरतो. कलम वगळल्याने सरकारची जोखीम घटली. न्यायालयातील विलंब त्याने घटला नाही. आपल्या व्यवहारांतही हेच घडते. देणे नाकारत नाही, फक्त लांबवतो, असे म्हणून आपण मनाची समजूत घालतो. पण ज्याचे येणे अडकले आहे, त्याच्या वहीत दोन्हींची नोंद एकाच पानावर होते.