डावी लेन कोणाची? अमरावती-अकोला महामार्ग, ट्रक आणि आपण

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गाचे नाव गिनीज बुकात गेले. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची सलग एक लेन डांबरीकरण करून तयार झाली आणि कतारच्या नावावरचा विक्रम मोडला. वऱ्हाडातल्या माणसाला त्याचा अभिमान वाटला, आणि वाटायलाच हवा. त्याआधीच्या खड्ड्यांनी किती वर्षे छळले हे मूर्तिजापूर-बडनेऱ्याच्या लोकांना सांगायची गरज नाही. रस्ता बदलला. त्यावर गाडी हाकायची पद्धत मात्र जुन्या दुपदरी 'नंबर सहा'चीच राहिली.

एक उदाहरण घ्या. दुपदरी रस्त्यावर पुढचा ट्रकवाला उजवे इंडिकेटर देऊन मागच्याला सांगायचा, 'समोर कोणी नाही, जा.' आपण त्या इशाऱ्यावर विसंबून ट्रक ओलांडायचो. आता चौपदरी रस्त्यावर तेच उजवे इंडिकेटर म्हणजे 'मी उजव्या लेनमध्ये येतोय.' इशारा एक, अर्थ दोन. जुना ड्रायव्हर एक समजतो, नवा दुसरे, आणि मधल्या दोन सेकंदांत होत्याचे नव्हते होते.

त्याहून मोठा प्रश्न डाव्या बाजूचा आहे. नियमाने जड वाहनाने डावीकडून चालायला हवे आणि ओलांडणाऱ्याने उजवीकडून जायला हवे. प्रत्यक्षात ट्रक उजवी लेन धरून चालतात आणि कार, मोटारसायकली डावीकडून घुसतात. यात ट्रकवाल्याचाच दोष आहे असे म्हणणे सोपे आहे. पण डाव्या लेनमध्ये काय काय असते ते पाहा. ढाब्यासमोर उभे ट्रक, पंक्चर झालेली आणि मागे चार दगड लावून ठेवलेली गाडी, राँग साइडने येणारी मोटारसायकल, कापसाच्या हंगामात मागचा लाइट नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली. भरलेल्या ट्रकला दर किलोमीटरला ब्रेक मारून पुन्हा गिअर चढवणे परवडत नाही. म्हणून तो उजवीकडेच राहतो. डावी लेन मोकळी नसेल तर लेनची शिस्त फक्त फलकावर राहणार.

मग आपण डावीकडून 'कट' मारतो. आपल्याकडे ड्रायव्हर उजव्या बाजूला बसतो. उजव्या आरशात त्याला बरेच दिसते. डाव्या दाराच्या खाली आणि मागच्या चाकांपाशी काय चालले आहे ते जवळजवळ दिसतच नाही. तिथे स्कूटीवर नवरा-बायको आणि मध्ये लेकरू असेल, तर त्या ट्रकवाल्याच्या लेखी तिथे कोणीही नाही. त्याने ढाब्यासाठी गाडी डावीकडे घेतली की लांब ट्रेलरची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आणखी आत येतात.

पूर्वी ही डावी बाजू क्लिनर सांभाळायचा. खिडकीतून डोके काढून, दारावर थाप मारून तो ड्रायव्हरचा दुसरा डोळा व्हायचा. आपल्या समाजातले कितीतरी उस्ताद ड्रायव्हर याच जागेवरून शिकून पुढे गेले. आता मुले त्या कामाला येत नाहीत, मालकाला दुसरा पगार जड जातो. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी संप पुकारला तेव्हा ई-चलनाबरोबरच क्लिनरची सक्ती काढावी ही मागणीही होती. मालकांची अडचण खोटी नाही. पण क्लिनर उतरवायचा असेल तर त्याच्या जागी डाव्या बाजूला कॅमेरा, सेन्सर, जादा आरसे आधी बसले पाहिजेत. नुसता माणूस कमी केला, तर वाचलेल्या पगाराची किंमत डावीकडचा मोटारसायकलवाला मोजेल.

लेन बदलायला किती जागा लागते याचा आपला अंदाजही बहुधा चुकतो. ट्रेलर ६०च्या वेगाने चालला आहे आणि आपण ८०ने. फरक सेकंदाला साडेपाच मीटरचा. मागे २० मीटर, पुढे २५ मीटर अंतर राखून १८ मीटरचा ट्रेलर ओलांडायला १२ सेकंद लागतात. तेवढ्यात आपली गाडी पाव किलोमीटरपेक्षा जास्त पुढे जाते. म्हणून ओलांडायचे तर न रेंगाळता ओलांडावे, ट्रकच्या बाजूने समांतर चालत राहू नये. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही. आणि आतल्या आरशात ट्रकचे दोन्ही हेडलाइट दिसल्याशिवाय डावीकडे परत वळू नये. ४० टनांची गाडी आपल्यासारखी जागेवर थांबत नसते.

२९ जुलै २०२३ ला पहाटे याच महामार्गावर मलकापूरला दोन खासगी बस समोरासमोर धडकल्या. एक अमरनाथ यात्रेहून हिंगोलीकडे परतत होती, दुसरी नाशिकला निघालेली. नाशिकच्या बसने पुढच्या ट्रकला ओलांडताना दुसऱ्या बससमोर येऊन घात झाला, असे तेव्हा सांगण्यात आले. किमान सहा जण गेले.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणारे भाविक समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ ट्रकवर आदळले. १२ जीव गेले. तो ट्रक आरटीओच्या पथकाने महामार्गावरच थांबवला होता असा आरोप झाला आणि दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. पुढचा ट्रक चालतोय की उभा आहे, हे रात्री मागच्या ड्रायव्हरला शंभर मीटरवरूनही कळत नाही. लेन बदलायचे ठरवेपर्यंत लेन संपलेली असते.

हदीसमध्ये रस्त्याचा हक्क सांगितला आहे, रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करण्याला ईमानशी जोडले आहे. जुम्याच्या बयानात हा विषय काटे-दगडांपुरता राहू नये. लेनमध्ये उभा केलेला ट्रक ही आजची त्रासदायक वस्तूच आहे, मग तो परक्याचा असो की आपल्या मोहल्ल्यातल्या मालकाचा. ट्रक हा आपल्या अनेक घरांचा रोजगार आहे, त्यामुळे ही गोष्ट आपल्याच लोकांना सांगणे आपल्याला शक्य आहे: मागच्या रिफ्लेक्टर पट्ट्या पुसून ठेवा, बिघाड झाला तर डाव्या लेनवरून पूर्ण खाली उतरवा.

महामार्ग प्राधिकरणाकडून मागायचे ते वेगळे. ट्रकसाठी रस्त्यापासून आत थांबे हवेत, आणि दुभाजक फोडून केलेली वळणे बंद हवीत. तोपर्यंत बोरगाव मंजू असो की बाळापूर, लेनमध्ये उभी जड गाडी दिसली तर प्राधिकरणाचा हेल्पलाइन नंबर १०३३ आहे, तो २४ तास चालू असतो. फोन करताना जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि गाडी कोणत्या दिशेच्या बाजूला उभी आहे, एवढे सांगावे. गाडी चालवणाऱ्याने नव्हे, शेजारी बसलेल्याने.