मेटाफर आधी मराठीत कळू द्या

मुळशी तालुक्यातल्या लवळे गावाच्या परिसरात आज सिंबायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठे आहेत आणि तिथले शिक्षण इंग्रजीतून चालते. मराठी माध्यमातला विद्यार्थी अशा वर्गात बसला, की अनोळखी शब्द त्याला कोशात सापडतात. ओळखीचा शब्द सरळ अर्थ सोडतो, तिथे मात्र तो अडतो. त्यावर सिमिली, मेटाफर, पर्सोनिफिकेशन यांच्या व्याख्या पाठ करायला लावणे हा उपाय अपुरा आहे. या साऱ्याची समज त्याच्या मराठीत आधीच असते. ती जागी केली पाहिजे.

शाळेतल्या व्याकरणात उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती भेटलेल्या असतात. उपमेय कोणते, उपमान कोणते, हे शोधता आले की इंग्रजी वाक्यही उलगडते. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोक’मध्ये सूचित अर्थाला काव्याचा आत्मा मानले. आपल्या काव्यशास्त्रात ‘गंगेवर वस्ती’ म्हणजे गंगेच्या काठावरची वस्ती, हे लक्षणेचे नेहमीचे उदाहरण आहे. ‘दिल्लीने नकार दिला’ या बातमीत दिल्ली म्हणजे सरकार, हे ज्याला कळते त्याला मेटॉनिमी कळलेलीच असते. नाव तेवढे नवे. भाषेचे अभ्यासक लेकॉफ आणि जॉन्सन यांनी 1980 मध्ये दाखवून दिले, की रूपक कवितेपुरते नसते, रोजचा विचारही त्यातूनच चालतो. आपणही वेळ पैशासारखा खर्च करतो, वाचवतो, वाया घालवतो.

यावर आक्षेप येईल, की दोन्ही भाषांतली उपमाने जुळत नाहीत. खरे आहे. इंग्रजीत स्वागत उबदार असते. आपल्याकडे प्रेमाचे माणूस पाहून डोळे निवतात. त्यांचे घुबड शहाणे, आपले अशुभ. पण या फरकातच खरे शिक्षण आहे. थंडीच्या देशात ऊब प्रिय, उन्हाच्या देशात गारवा. उपमान हवामानातून आणि लोकसमजुतीतून येते, हे तुलनेतूनच उमगते. नुसती यादी पाठ करून ते उमगत नाही. परदेशातल्या आपल्या मुलांची इंग्रजी पक्की आणि मराठी कच्ची, हा दुसरा आक्षेप. त्यांनी हाच रस्ता उलट दिशेने चालावा: मेटाफर ठाऊक आहे, तर रूपक दूर नाही. म्हणून तिथल्या मराठी मंडळांच्या शाळांतल्या शिक्षकांना आणि पालकांना विनंती, की ‘कान भरणे’ शिकवताना त्याचा इंग्रजी अर्थ सांगून थांबू नका. कानात नेमके काय भरले, हे मुलांना विचारा.