जुन्या संगणकावर नवी विद्या

वर्धा जिल्ह्यांत गिरड येथें शेख फरीद बाबांची टेकडी आहे. तेथें सुपारी-जायफळासारखे वाटोळे खडे सांपडतात. शास्त्रज्ञ त्यांस खनिजाचे गोळे म्हणतात. लोककथा मात्र अशी कीं, दोघां फिरत्या व्यापाऱ्यांनीं साधूची थट्टा केली आणि त्यांच्या मालाचे दगड झाले.

आज पुष्कळ घरांत एका वस्तूस असेंच ‘दगड’ म्हटलें जातें. ती वस्तु म्हणजे थोरल्या चिरंजीवांनीं कॉलेजांत असतां घेतलेला व आतां कोपऱ्यांत झांकून ठेविलेला संगणक. धाकट्या पुतणीस प्रोग्राम लिहावयास शिकावयाचें असतें. नव्या लॅपटॉपावांचून तें होणें नाहीं, असें तिला कोणी सांगितलेलें असतें. वडील मंडळी खर्चाच्या विचारानें गप्प राहतात आणि मुलीचा हुरूप मावळतो. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार करणें अवश्य आहे.

असा संगणक बहुधा बिघडलेला नसतो. त्याची सोबत इतरांनीं सोडलेली असते. विंडोज ७ ची देखभाल तिच्या कर्त्यांनीं १४ जानेवारी २०२० रोजीं थांबविली, व विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं. पायथनची ३.८ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ति होय. तेथें त्यापुढील आवृत्ति बसवूं गेल्यास नकार मिळतो, आणि शिकणाऱ्यास वाटतें कीं आपलेंच कांहीं चुकलें. तिचें कांहींच चुकलेलें नसतें.

यावर उपाय लिनक्स या मोफत प्रणालीचा आहे. लिनुस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं तिचा आरंभ केला तो ३८६ जातीच्या, अवघ्या ४ एमबी स्मृतीच्या संगणकावर. आपल्या कोपऱ्यांतील यंत्राची स्मृति २ जीबी असली, तरी ती त्याच्या पांचशें पट भरते! डेबियन ही लिनक्सची एक भरंवशाची शाखा आहे. तिच्यासह एक्सएफसीई हा हलका पडदा घ्यावा. यंत्र ६४ बिटांचें असेल तर डेबियन १३ चालते. तें ३२ बिटांचें असेल तर डेबियन १२ घ्यावी. कारण ऑगस्ट २०२५ मध्यें आलेल्या तेराव्या आवृत्तींत अशा यंत्रांवर नव्यानें बसविण्याची सोय ठेविलेली नाहीं. जीसीसी, पायथन व जीनी हें संपादनाचें साधन, हीं सर्व तेथें विनामूल्य मिळतात. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविल्यास यंत्राची मंदगति पुष्कळच कमी होते.

येथें एक विसंगति सांगितली पाहिजे. आपल्या महाराष्ट्रांतील कित्येक महाविद्यालयांत नव्या संगणकांवर टर्बो सी++ हें १९९० च्या सुमाराचें अवजार, डॉसबॉक्स नांवाच्या आवरणांत घालून, दीर्घकाळ शिकविलें गेलें. त्यांत पूर्णांकास दोनच बाइट जागा असते. म्हणून ३२,७६७ हून मोठी संख्या त्यांत मावत नाहीं. २०० गुणिले २०० केले असतां ४०,००० ऐवजीं उणे २५,५३६ असें उत्तर येतें! तेंच गणित जुन्या यंत्रावर जीसीसीनें केल्यास बरोबर येतें. शिवाय सी++ चें पहिलें अधिकृत प्रमाण १९९८ चें, म्हणजे टर्बो सी++ च्या नंतरचें. म्हणून त्या साधनावर घटविलेला पाठ आजच्या साधनांत पुष्कळदां चालत नाहीं. तात्पर्य, यंत्र जुनें असलें तरी चालेल. अवजार शिळें नसावें.

मर्यादाही ध्यानांत ठेवाव्या. मोबाइलचे प्रोग्राम लिहिण्याच्या अँड्रॉइड स्टुडिओस निदान ८ जीबी स्मृति लागते. तें काम या यंत्राकडून मागूं नये. देखभाल थांबलेल्या विंडोजवरून बँकेचे व्यवहार तर मुळींच करूं नयेत. नवी प्रणाली बसविण्यापूर्वीं जुन्या डिस्कवरील लग्नमुंजीचीं छायाचित्रें, दाखले व हिशेब दुसरीकडे उतरून घ्यावे. एकदां पुसलें गेलेलें परत मिळेलच असें नाहीं. घरांतील कोणी जाणतें माणूस वा शेजारचा कॉलेजांतील मुलगा हें काम एका सुटीच्या दिवशीं करूं शकतो.

मग तो संगणक पुतणीच्या स्वाधीन करावा. तिनें प्रथम घरच्या किराणा हिशेबाची बेरीज करणारा लहानसा प्रोग्राम लिहावा, व वडिलांनीं तो पाहावा. वर्षभरांत तिची विद्या यंत्राच्या पुढें गेली, तर नवें यंत्र आनंदानें घ्यावें; तेव्हां काय घ्यावयाचें हें तिलाच उत्तम कळेल. पण केवळ यंत्र जुनें आहे या सबबीवर घरांतल्या लेकीची इच्छा वाळूं देणें, हा खर्च कोणत्याही लॅपटॉपाहून मोठा आहे.