भिलाईचे रिकामे क्वार्टर आणि ठेका कामगाराची भाड्याची खोली



भिलाईत घरांचा धंदा जोरात आहे, असे जमिनीचे दलाल सांगतात. नेहरूनगर, जुनवानीकडचे फ्लॅट दाखवतात आणि शहराची भरभराट झाली म्हणतात. त्यांना एकच विचारावे : या फ्लॅटचा हप्ता कोणत्या पगारातून भरायचा?

आपल्या गाड्या ज्या रुळांवरून धावतात, टपालाच्या थैल्या ज्यांवरून गावोगाव पोचतात, त्यातले बहुतेक रूळ भिलाईचे. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 1959 च्या फेब्रुवारीत पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टर वसले, शाळा आल्या, सेक्टर 9 चे इस्पितळ आले. ही कोणाची मेहेरबानी नव्हती. क्वार्टर म्हणजे नोटांच्या रूपात हाती न पडलेला पगारच. घरभाडे वाचले म्हणून पहिल्या तारखेला सुपेला आणि पॉवर हाऊसच्या बाजारात पैसा फिरे. शिंपी, सायकलवाला, भाजीवाली त्यावर जगत. (ते दिवस सगळ्यांनाच सोन्याचे होते असे नाही, ज्यांच्या जमिनी गेल्या, ते छत्तीसगढी शेतकरी बरेचसे सेक्टरच्या बाहेरच राहिले.)

1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात खाणी धरून कायम कामगार साठ हजारांवर होते. आज त्याच्या एक-तृतीयांशही उरले नाहीत. पोलाद कमी झाले का? उलट वाढले. माणसे ठेकेदाराच्या हजेरीपटावर गेली, इतकेच. काम तेच, धोका तोच, पगार मात्र कायम कामगाराच्या काही हिश्शाएवढा.

आता घरांचे पाहा. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बरेच क्वार्टर लीजवर दिले गेले. उरलेल्यांत कित्येक ब्लॉक असे, की भिंतीतून पिंपळ उगवला आहे. आणि ठेका कामगार खुर्सीपार, कॅम्प भागात एका खोलीचे भाडे भरतो. घर रिकामे, माणूस बेघर; मध्ये आडवा आहे तो ठेक्याचा कागद!

टाऊनशिप चालवणे तोट्याचे आहे, कारखान्याने फक्त पोलाद करावे, असे व्यवस्थापनाचे म्हणणे. तो खर्च हवेत विरला काय? तो कामगाराच्या खिशावर आला, आणि त्याच्या खिशातून दुकानदाराच्या गल्ल्यावर. बाजार थंड का, हे व्यापारी मंडळाने आम्हाला विचारू नये.

भिलाईतल्या खाजगी कारखान्यांच्या ठेका कामगारांना कायम करा, ही मागणी शंकर गुहा नियोगींनी लावून धरली. 28 सप्टेंबर 1991 रोजी ते झोपेत असताना त्यांचा खून झाला. 1 जुलै 1992 रोजी पॉवर हाऊस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. पंधराहून अधिक कामगार मेले. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. रूळ आमचे, रक्त त्यांचे. त्या दिवशी आम्ही बहुतेक जण गप्पच राहिलो.

रेल्वेत आणि टपालात वेगळे काही नाही. 2005 साली रेल्वे कायदा दुरुस्त करून रेल्वेच्या जमिनी बिल्डरला देण्याची वाट केली. दुर्ग-भिलाई ‘वाय’ वर्गात, म्हणून जानेवारी 2024 पासून आपल्याला वीस टक्के घरभाडे भत्ता. त्याच स्टेशनात झाडू मारणाऱ्या ठेका कामगाराला आणि ग्रामीण डाक सेवकाला तो नाही. पुढच्या मागणीपत्रात आपल्या भत्त्याच्या कलमाच्या वर त्यांचे कलम घालावे आणि रिकामे क्वार्टर दुरुस्त करून ठेका कामगारांना द्यावेत, असा ठराव प्रत्येक शाखेने पाठवावा.